‘फोटोपुरती ताई’चं उत्तर

मुलांना घेऊन गुलमर्गला जाण्याबद्दलच्या माझ्या लेखावर ‘जुना भटक्या’ या नावाने आलेली प्रतिक्रिया परवापासून चारदा वाचली. नवरा म्हणाला, सोडून दे. सोडणारही होते, पण तिला तिघांनी अंगठे दिलेले दिसले.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गुलमर्ग हे मुरलेल्या स्कीअरचं ठिकाण, शिकाऊंसाठी तिथे जेमतेम खालचा उतार, गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावर लहान मुलांना नेणं धोक्याचं, तेव्हा कुटुंबाने सरळ उत्तराखंडातल्या औलीला जावं. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: “ताई, फोटोपुरती पायात स्की अडकवणाऱ्यांनी लोकांच्या लेकरांना सल्ले देऊ नयेत.”

आधी माझी चूक. दुसऱ्या टप्प्याच्या वरच्या स्टेशनची उंची मी ४,३९० मीटर लिहिली होती. ती अफरवट शिखराची आहे. स्टेशन सुमारे ३,९५० मीटरवर आहे. दुरुस्ती केली, आभार. (माझा चुकीचा आकडा खरं तर तुमच्याच मुद्द्याला जोर देत होता. असो.)

आता ‘फोटोपुरती’.

मी डोंबिवलीत वाढले. बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा, नाहीतर फ्रीजरच्या भिंतीवर साचलेला. एकोणचाळिसाव्या वर्षी गुलमर्गला सात दिवसांचा कोर्स केला. माझ्या बॅचमध्ये कॉलेजची पोरं होती. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या आणि थांबायचं, एवढं शिकण्यात माझे तीन दिवस गेले. भाड्याचे ते टणक बूट घालून पोटऱ्यांवर काळेनिळे वळ उठले होते. लिफ्टने ओढत वर जाताना दोनदा तोल गेला आणि मागच्यांची रांग थांबली. पाचव्या दिवशी पहिल्यांदा न पडता खाली आले, तेव्हा प्रशिक्षक फक्त “फिर से” म्हणाले. त्या आठवड्यातला माझा एकही फोटो नाही, कारण थंडीने मोबाइलची बॅटरी दुपारपर्यंत टिकायची नाही. त्यानंतर तीन हिवाळे पुन्हा गेले, मुलगा आणि सासूबाईंसकट. आता सांगा, हे फोटोपुरतं?

आणि ते ‘ताई’. कोणी मनापासून ताई म्हटलं तर मला आवडतंच. पण हीच पोस्ट एखाद्या गृहस्थाने लिहिली असती, तर तुम्ही “दादा, फोटोपुरती...” असं लिहिलं असतंत का हो? तिथे ‘सर, एक शंका’ आलं असतं. मतभेद असू द्या, पण बोलण्याची काही रीत असते.

औलीचं म्हणाल तर औली सुंदर आहे, समोर नंदादेवी दिसते, सगळं मान्य. पण ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, तेही घाटाचं. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, म्हणजे पुढेही रस्ताच. गाडी लागणारं मूल मांडीवर घेऊन तुम्ही हा प्रवास केलाय का? श्रीनगर विमानतळावरून गुलमर्ग दोन-अडीच तासांत येतं. बर्फ असला तर टंगमर्गला चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यायची, शेवटचे तेरा किलोमीटर तेवढे जपून.

कुटुंबासाठी जागा निवडताना मी उतार नंतर बघते. आधी बघते ते हे की, जो स्की करणार नाही त्याचा दिवस कसा जाईल? सहा-सात वर्षांचं मूल स्कीवर दीड तास टिकतं, मग हातमोजे ओले, मग रडारड. गुलमर्गमध्ये तेव्हा स्लेज आहे, कहवा आहे, मोकळं मैदान आहे. सासूबाई गोंडोलाने पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगडूरीपर्यंत गेल्या, अर्धा तास बर्फ बघून खाली आल्या आणि संध्याकाळभर त्याच गप्पा. फेब्रुवारीत जा, असं मी लेखात म्हटलं तेही उगाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथे बर्फाऐवजी नुसतं वाळलेलं गवत होतं.

उंची आणि हिमस्खलनाबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय, त्यात फार शिरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका परदेशी स्कीअरचा जीव गेला, हे मलाही माहीत आहे. खाली शिकणारी पोरं त्या उतारांवर जात नाहीत. मुलाला सातव्या वर्षी आम्ही दुसऱ्या टप्प्यावर नेलं होतं. तिथे त्याचं डोकं दुखलं, एक उलटीही झाली, पण तो सकाळचा पराठा होता. खाली आल्यावर अर्ध्या तासात पळायला लागला. त्यानंतर आम्ही पहिल्या टप्प्यावरूनच परत फिरतो, ते दुसऱ्या टप्प्याच्या रांगेमुळे.

शिकाऊंचा उतार लहान आहे, हे एक वेळ धरून चालू. मुलाने तो चार दिवसांत संपवला. पाचव्या दिवशी कंटाळला म्हणून आम्ही बर्फाचा माणूस केला, त्याला सासूबाईंची शाल पांघरली. फोटो लेखाच्या शेवटी आहेत.