'होममेड' चॉकलेटची साग्रसंगीत कृती

यंदा दिवाळीला चॉकलेटचे डबे वाटायचे ठरवलेय ना? उत्तम. अनारसे जमायला हात बसावा लागतो, चॉकलेटला नुसता खोका पुरतो. तेव्हा आधी खोका निवडा. सोनेरी, आत मखमल, झाकणाला चुंबक. उरलेल्या पैशांत चॉकलेट बसवा.

एखादे काका म्हणतील, "ही कसली परंपरा?" दबू नका. सणाचे चॉकलेट मुळात व्यापाऱ्यांनीच रुजवले आहे. बर्मिंगहॅमच्या कॅडबरींनी १८६६ मध्ये दाबयंत्राने कोकोतले तूप, म्हणजे कोको बटर, काढायला सुरुवात केली. तेवढ्या तुपाचे करायचे काय? खायची चॉकलेटे झाली आणि रिचर्ड कॅडबरींनी ती हृदयाच्या आकाराच्या डब्यांत घालून व्हॅलेंटाइनला विकली. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ मध्ये ईस्टरसाठी चॉकलेटचे अंडे काढले, तेही पोकळ. नफा कुठे असतो ते बघून ठेवा. जपानात तर व्हॅलेंटाइनला बायकांनी ऑफिसातल्या पुरुषांना नाइलाजाने 'गिरी-चोको', म्हणजे कर्तव्यापोटीचे चॉकलेट, द्यायचे, आणि पुरुषांनी परतफेड करावी म्हणून मिठाईवाल्यांनी १४ मार्चचा 'व्हाइट डे' काढला. परतीच्या आहेराचे हिशेब फक्त आपल्यालाच येतात असे नाही.

आता कृती. बाजारातून कंपाउंडची लादी आणा. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असते, त्यामुळे वितळवले, साच्यात ओतले, झाले 'होममेड'. वेष्टनावर 'कंपाउंड' छापलेले असते, ते आधी कचऱ्यात टाका. टाळूला मेणचट थर बसला असे कोणी म्हणाले तर "रिच आहे" म्हणावे.

खरे कूव्हर्चर, म्हणजे कोको बटर असलेले अस्सल चॉकलेट, वापरायची हौस असेल तर पुस्तक सांगते: डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवा, ढवळत २७-२८ पर्यंत उतरवा, पुन्हा ३१-३२ वर न्या, म्हणजे कोको बटरचे स्फटिक नीट जुळतात. तुम्ही थर्मामीटरवर पैसे घालवू नका, बोट बुडवा. मग वडी साच्याला चिकटेल, मोडताना 'टक्' वाजणार नाही आणि काही दिवसांत तिच्यावर पांढरे पट्टे उमटतील. पाहुण्यांना ती बुरशी वाटेल. ते तूप वर आलेले असते, पण तुम्ही "मार्बल इफेक्ट" म्हणा.

डबल बॉयलरचे पाणी खळखळत ठेवा आणि वरचे भांडे ओले घ्या. दोन-चार थेंब पुरतात: साखर पाणी ओढते, चिकट होते आणि चॉकलेटचा दगडी गोळा बनतो. घाबरू नका. त्यात गरम साय घोटा आणि 'ट्रफल' म्हणून दुप्पट भावाने द्या. (हा सल्ला मात्र खरा आहे.)

साचा फ्रिजमध्ये दहा-पंधरा मिनिटे ठेवायचा असतो. तुम्ही रात्रभर विसरा. बाहेर काढताच वड्यांना घाम फुटेल, साखर विरघळेल आणि वाळल्यावर खरखरीत साय धरेल. मग डबे स्कूटरच्या डिकीत घालून भर दुपारी निघा. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे सोळा वड्या पोहोचेपर्यंत एकत्र कुटुंब होऊन बसतात.

शेवटी फ्यूजन. आत पुरण भरा, तेही सैलसर. पुरणात पाणी असते, चार दिवसांत आंबते. धनत्रयोदशीला दिलेला डबा भाऊबीजेला उघडला आणि फोन आला, तर शांतपणे सांगा, "कोकोच्या बिया आंबवल्याशिवाय चॉकलेटला खरी चव येतच नाही." हे तर शंभर टक्के खरे आहे.