भूल बदलली म्हणून मांडीवरच्या पट्ट्याचा दाब कमी होत नाही

‘गुडघ्याच्या ऑपरेशनला कमरेतली भूल घेऊ नका. मांडीला बांधलेल्या पट्ट्यामुळे पायात विष साठतं आणि पट्टा सोडला की अंगभर पसरतं. पूर्ण भूल घ्या, तिच्यातल्या प्रोपोफॉलने ते विष मरतं. कमरेतल्या सुईने पाठ कायमची जाते.’ हा मजकूर फिरत फिरत माझ्या मावशीच्या फोनवर आला आणि सांधेरोपणाला दोन दिवस उरले असताना ती ठरलेली भूल नाकारायला निघाली. म्हणून हे लिहितो आहे.

आधी ते ‘विष’. टूर्निके म्हणजे ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव रोखायला मांडीला बांधलेला हवेचा पट्टा. त्यात हवा भरली की मांडीपासून खाली रक्त पोचत नाही. स्नायूंत लॅक्टिक आम्ल आणि पोटॅशियम साठतं. हवा सोडली की ते रक्तात येतं, रक्तदाब उतरतो, श्वासातला कार्बन डायऑक्साइड काही मिनिटं वाढतो. सर्जनने ‘सोडतोय’ म्हणताच भूलतज्ज्ञाची नजर मॉनिटरवर जाते, सलाइन वाढतं, गरज पडली तर रक्तदाबाचं औषध दिलं जातं. एरवी निरोगी माणसाचं शरीर साधारण अर्ध्या तासात हे सावरतं. भूल कमरेतली असो की पूर्ण, ते रक्त परत हृदयाकडेच जाणार.

आता प्रोपोफॉल, म्हणजे झोप आणणारं भुलीचं औषध. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. रक्त परत आल्यावर पायात मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स, म्हणजे अस्थिर रेणू) तयार होतात आणि पेशींच्या आवरणांना इजा करतात. प्रोपोफॉलच्या रेणूचा काही भाग ई जीवनसत्त्वासारखा असल्याने ते ही मूलकं पकडतं. या इजेची खूण मानलं जाणारं मॅलोनडायअल्डिहाइड प्रोपोफॉल मिळालेल्या रुग्णांच्या रक्तात कमी आढळल्याचे छोटे अभ्यास आहेत. पण तो रक्ततपासणीतला आकडा आहे. तो उतरल्यामुळे कोणाचा गुडघा लवकर वाकला किंवा दुखणं लवकर थांबलं, हे त्यातून सिद्ध झालेलं नाही.

शिवाय ‘पूर्ण भूल’ म्हणजे ऑपरेशनभर प्रोपोफॉल नव्हे. बहुतेकदा सुरुवातीला, वजनाच्या दर किलोला दीड-दोन मिलिग्रॅम देऊन झोपवतात आणि पुढे सेव्होफ्लुरेनसारख्या वायूवर ठेवतात. उलट कमरेतली भूल दिलेल्या रुग्णालाही झोपेसाठी प्रोपोफॉल पंपाने थोडं थोडं देता येतं. म्हणजे ज्या औषधासाठी कमरेतली भूल नाकारायला सांगताहेत, ते तिच्यासोबतही मिळू शकतं!

सगळ्यात घातक गोष्ट ही की खरी इजा जिथे होते, त्याबद्दल त्या मजकुरात अक्षर नाही. पट्ट्याच्या कडेशी चेंबलेली नस (मज्जातंतू) कोणत्याही भुलीने वाचत नाही. तिथे दाब आणि वेळ महत्त्वाचे. सरसकट 300 मिमी (पाऱ्याचा) दाब ठेवण्याऐवजी त्या पायातला रक्तप्रवाह नेमका किती दाबाला थांबतो ते मोजून, त्यावर 40 ते 80 मिमी वाढवणं चांगलं. रुंद पट्ट्याला कमी दाब पुरतो. वेळ दोन तासांच्या आत हवा. खाली कापसाचं अस्तर सुरकुतीविना हवं आणि त्यात स्पिरिट झिरपता कामा नये, नाहीतर त्वचा भाजल्यासारखी सोलवटते. अँटिबायोटिकही हवा भरण्याआधीच द्यावं लागतं, नंतर दिलं तर ते त्या पायात पोचतच नाही.

पट्ट्याविषयी शंका घ्यायचीच असेल तर ती अशी घ्या: कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 41 चाचण्या आणि 2819 रुग्ण होते. सांधेरोपणात पट्टा वापरलेल्यांना पहिल्या दिवशी दुखणं जास्त होतं आणि गंभीर गुंतागुंतही जास्त दिसली. म्हणून ‘पट्टा किती वेळ लावणार, फक्त कृत्रिम सांधा चिकटवणारं सिमेंट बसवताना लावून चालेल का?’ हा प्रश्न सर्जनला जरूर विचारा.

पाठीबद्दल थोडक्यात: टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकतं, क्वचित डोकेदुखी होते. कायमची पाठदुखी या सुईने होत नाही.

आणि विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या वाचकांसाठी: घरात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर तपासणीलाच सांगा. रक्त अडवलेल्या पायात त्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. त्यामुळे पट्टा लावायचा की नाही, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञांना आधीच ठरवावं लागतं.