न सांडणारे नरसाळे

नरसाळ्याचा शोध ज्याने कोणी लावला त्याला तीन हात असणार, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. एका हाताने बाटली धरायची, दुसऱ्याने तिच्या तोंडातले नरसाळे सरळ ठेवायचे आणि तिसऱ्याने खोबरेलाचा पंधरा किलोचा डबा उचलून ओतायचा. आपल्या देवादिकांना चार हात उगीच दिलेले नाहीत, चौथा फडक्यासाठी. आम्ही दोन हातांची माणसे बाटली गुडघ्यांत दाबतो, डबा छातीशी कवटाळतो, नरसाळे देवाच्या भरवशावर सोडतो आणि घरातल्या कुणालातरी ‘जरा धर गं’ म्हणून हाक मारतो. जो धरायला येतो तो भांडण करून जातो. तेल सांडले की ओतणारा म्हणतो तू हललीस, आणि धरणारी म्हणते तुम्ही भसकन ओतलेत.

बाहेरच्या लोकांना गोव्यातला मे महिना मानकुराद आंब्यांसाठी ठाऊक असतो. घरात तो भराभरीचा महिना. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणारा आमचा मुलूख. जून लागला की बाहेर पडायची सोय नाही, म्हणून त्याआधी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करून ठेवायचे. आमच्या फोंड्याच्या घरी घाण्यावरून खोबरेलाचा डबा येतो, आमसुलांचे आगळ निघते, मीठ, साखर, तांदळाचे पीठ असे सगळे मोठ्यातून लहानात जाते. आगळ भरायला जुन्या काचेच्या बाटल्या. आमच्याकडे कोणी घेत नाही, पण बाटल्या पाहाल तर सगळ्या मोठ्या घराण्यातल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्याचे माप वेगळे. या सगळ्या घराण्यांना पुरे पडायला भिंतीवर खिळ्याला टांगलेली तीन नरसाळी: एक ॲल्युमिनियमचे, चेपलेले, एक जत्रेतले प्लास्टिकचे, आणि एक म्हणजे थंड पेयाच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग, जो घरातल्या कुणीतरी आणीबाणीत तयार केला आणि नंतर कुणी टाकला नाही. गोव्यात वस्तू टाकायची पद्धत नाही, ती माळ्यावर जाते.

माझी तक्रार तिघांबद्दलही एकच आहे. ही नरसाळी ज्यांनी केली त्यांनी तेलाचा विचार केला, हवेचा केला नाही.

नीट बघितले की कळते. नरसाळे बाटलीच्या गळ्यात चपखल बसले, म्हणजे ते बरे बसले असे आपल्याला वाटते. आपण ओततो. तेल छान वर्तुळात फिरत खाली उतरते आणि एकदम थांबते. नरसाळे भरलेले, बाटली अर्धी, आणि मधे कसलाही अडथळा नाही. आपण वाकून बघतो. एक बुडबुडा पोटातून वर येतो, ‘गुडुक’ म्हणतो, चमचाभर तेल खाली जाते. पुन्हा शांतता. धीर सुटून आपण नरसाळे हलवतो आणि मग जे व्हायचे ते होते. खरी गोष्ट अशी की रिकामी बाटली रिकामी नसतेच, ती हवेने काठोकाठ भरलेली असते. तेलाला आत जायचे तर तेवढीच हवा बाहेर यायला हवी, आणि आपण दारच अडवून बसलो. बसच्या दारात कंडक्टर ओरडतो, ‘आधी उतरू द्या, मग चढा’. एवढी अक्कल नरसाळे बनवणाऱ्याला असती तर माझी निम्मी लुंगी वाचली असती.

गंमत म्हणजे डब्याच्या बाबतीत ही अक्कल आपल्या सगळ्यांना आहे. डबा फोडताना एका कोपऱ्यात भोक पाडले की समोरच्या कोपऱ्यात दुसरे पाडायचे, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळते. एकच भोक असले तर डबा श्वास घेतल्यासारखा थांबून थांबून ओकतो, धार ‘भक भक’ करत नरसाळ्याच्या बाहेर जाते. म्हणजे डब्यात हवा शिरायला वाट दिली, आणि बाटलीतून निघायला? तिथे सगळे गप्प.

आईला हे पूर्वीपासून माहीत होते. तिने पत्रावळी टाचायला ठेवलेल्या हिरांतला एक उचलला, बाटलीचा गळा आणि नरसाळे यांच्या मधे खोचला, आणि तेल सुरळीत उतरायला लागले. माडाचा हीर, जाडी काडेपेटीच्या काडीहून कमी! मी म्हटले, “आई, हे इतकी वर्षे का नाही सांगितलेस?” ती म्हणाली, “तू विचारायचास कधी? तू ओरडायचास.”

पण हिराने एक रोग बरा होतो, आणि नरसाळ्याला रोग पुष्कळ. फर्मागुडीला इंजिनीअरिंग शिकणारा माझा पुतण्या सुट्टीच्या दिवशी जेवायला येतो. त्याने मला प्वाझेय नावाच्या फ्रेंच डॉक्टरची माहिती दिली. या गृहस्थाने 1840च्या दशकात बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो याचे नियम मांडले, कारण त्याला केशवाहिन्यांतल्या रक्ताचा अभ्यास करायचा होता. नळीचा व्यास दुप्पट केला तर तिच्यातून वाहणारा द्रव दुप्पट नव्हे, चौपट नव्हे, सोळापट होतो. आणि नळी जेवढी लांब तेवढा वेळ जास्त. आता आमचे ॲल्युमिनियमचे नरसाळे घ्या: शेपूट वीतभर लांब आणि करंगळीही जाणार नाही इतके बारीक. पाण्याला ते चालते. खोबरेल पाण्यापेक्षा कितीतरी पट दाट, ते त्यातून उतरेपर्यंत माणसाचे हात भरून येतात आणि हात भरून आले की काय होते ते ओटा सांगेल. रक्ताचा अभ्यास करणाऱ्याने स्वयंपाकघरातले इतके नेमके दुखणे ओळखावे आणि नरसाळ्याच्या कारखानदारांनी ते वाचूही नये, याला काय म्हणावे?

पिठाची तऱ्हा आणखी वेगळी. पीठ वाहत नाही, ते कमान बांधते. नरसाळ्याच्या गळ्याशी कण एकमेकांना टेकून उभे राहतात आणि वरचे सगळे ओझे तोलून धरतात. धान्याच्या मोठमोठ्या कोठारांतही नेमके हेच होते म्हणतात, आणि तिथले लोक बाहेरून ठोकतात. आम्हीही ठोकतो. पावसाळ्याच्या तोंडाशी हवेत दमटपणा आला की मीठ आणि साखर यांनाही हा वास्तुशास्त्राचा छंद लागतो. ठोकता ठोकता कमान एकदम ढासळते आणि पिठाचा ढग उठतो. त्यातून बायको बाहेर येते ती थेट दशावतारातली. मग तिच्यापुढे उभे राहून पदार्थविज्ञान सांगण्यात अर्थ नसतो. पिठासाठी म्हणून मी नरसाळ्याचा नादच सोडला. जाड कागदाची सुरळी करावी, बुड मोठे ठेवावे, विषय संपला.

तेवढ्यात एकदा शेजारच्या पात्रांवांकडे गेलो. पात्रांव म्हणजे मालक, आमच्याकडे आदराने कुणालाही म्हणतात. ते गेल्या हंगामातली काजूची फेणी पोटाळ काचेच्या शिशातून बाटल्यांत भरत होते. त्यांचे नरसाळे माझ्याहून जुने आणि वाकडे, पण जमिनीवर थेंब नाही. हात स्थिर, ओठ घट्ट मिटलेले, चर्चमध्येही मी त्यांना इतके एकाग्र पाहिलेले नाही. मी विचारले, “तुमची सांडत कशी नाही?” ते धार न मोडता म्हणाले, “फेणी सांडल्यार पाप लागता. तेल सांडल्यार फकत पांय निसरता.” गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते अशा माणसांमुळे. पण ही भक्ती झाली, रचना नव्हे. माझ्यासारख्या साध्या माणसाला भक्तीवाचूनही तेल भरता आले पाहिजे, असे माझे म्हणणे.

तेव्हा मीच नरसाळे करायला घेतले. पुतण्याने संगणकावर चित्र काढले: आखूड आणि रुंद शेपूट, त्याच्या बाहेरच्या बाजूला उभ्या शिरा, म्हणजे गळ्यात बसले तरी हवेला फटी राहाव्यात, आणि काठावर टेकायला तीन पाय, म्हणजे दुसरा हात मोकळा. त्याच्या ओळखीत कुणाकडे ते छापायचे यंत्र होते, जे प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवते. नरसाळे आले ते दिसायला देखणे. खोबरेल त्यातून असे उतरले की मी दोनदा डोळे चोळले. घरात पहिल्यांदाच कुणी कुणाला ‘धर’ म्हटले नाही.

मग बायकोने त्यातून कढलेले तूप ओतले. तूप नुकतेच गॅसवरून उतरवलेले. तीन पाय आधी फाकले, मग बसले, मग नरसाळ्याने मान टाकली आणि ते बाटलीच्या खांद्यावर पसरले. पुतण्या म्हणाला, “काका, हे प्लास्टिक मक्यापासून करतात, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं.” ही माहिती तूप ओतण्याआधी द्यायची असते, असे मी त्याला शांतपणे सांगितले. बायको इतकी शांत नव्हती. तूप घरच्या सायीचे होते.

मग मात्र धातूच, असे ठरवून बाजारात पत्र्याचे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मामांकडे गेलो. आता माझी कल्पनाही पुढे गेली होती. बाटली अपारदर्शक असली, स्टीलची वा चिनीमातीची असली, तर ती भरत आली हे कळते कधी? काठावरून ओघळ आल्यावर. पेट्रोल पंपावरची नळी मात्र टाकी भरली की आपली आपण बंद होते, कारण तिच्या टोकाशी हवेचे बारीक भोक असते आणि पेट्रोल तिथपर्यंत चढून ते बुजले की आतला खटका पडतो. हीच हवा आपण कामाला का लावू नये? नरसाळे रबराच्या बुचात घट्ट बसवायचे आणि त्याच बुचातून हवेसाठी वेगळी बारीक नळी काढायची. खालचे टोक बाटलीच्या गळ्यात, वरचे टोक नरसाळ्याच्या काठाहून उंच. तेल चढत चढत नळीच्या तोंडाशी पोचले की हवेची वाट बंद, आणि हवेची बंद म्हणजे तेलाची बंद. बघायला नको, वाकायला नको.

मामांनी चित्र उलटे धरले, सुलटे धरले. “पात्रांव, ही दुसरी नळी कित्याक?”

“हवा बाहेर यायला.”

“आनी हवेखातीर तुमी पयशे दितले?”

मी दिले. पुतण्या पत्र्याचे सांधे जोडायच्या जुन्या पद्धतीच्या डागात शिसे असते म्हणून अडून बसला, त्यामुळे शेवटी स्टीलचा पत्रा आणि वेल्डिंग असे होऊन खर्च आणखी चढला. त्याचा आकडा मी घरात सांगितलेला नाही आणि इथेही सांगणार नाही.

यंत्र हाती आले ते डिसेंबरात. संध्याकाळी सगळ्यांना ओट्याभोवती बोलावले. स्टीलची बरणी, वर बूच, बुचात नरसाळे, शेजारी हवेची नळी. मी डबा उचलून बेधडक ओतले. तेल निमूट उतरत गेले, आणि ठरल्या जागी, मी हात न लावता, थांबले! आईने सुद्धा “अगो बाई” म्हटले. पात्रांव कुंपणावरून बघत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“आणि आता ते काढायचं कसं?” बायकोने विचारले.

बरणी भरलेली होती आणि नरसाळ्यातही पाऊण पेला तेल उभे होते. बूच सैल केले की हवा सुटणार, हवा सुटली की वरचे तेल खाली येणार, आणि खाली तर जागाच नाही. नरसाळे उचलले तर खालून गळणार. सगळे प्रकरण उचलून डब्यात उपडे करावे, तर डब्याचे भोक लहान. त्याला नरसाळे लागणार. पुतण्या म्हणाला, शेपटाला तोटी बसवायला हवी होती. वरून चमच्याने उपसावे असे बायको म्हणाली, पण ज्या यंत्राला तोंड बघायचीही गरज नव्हती त्याच्याशी चमच्याने झटणे मला पसंत पडले नाही. शास्त्र आपल्या जागी बरोबर होते, आम्ही त्याच्याभोवती हात बांधून उभे होतो. शेवटी आई म्हणाली, “राहू दे रात्रभर. थंडी आहे.”

खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठते, आणि फोंड्यात डिसेंबरातल्या पहाटे पारा त्याच्याही खाली जातो. सकाळी बघतो तर नरसाळ्यातले तेल पांढरे घट्ट झालेले. बूच फिरवून अलगद वर ओढले. नळीसकट, तेलासकट सगळे एकसंध निघून आले. ओट्यावर थेंब नाही, बरणीवर ओघळ नाही.

बायको कढई तापत ठेवून मागे उभी होती. तिने बरणी उपडी केली. काहीच आले नाही, आतलेही दगड झाले होते. ती माझ्याकडे बघत राहिली. पण हा काही नरसाळ्याचा दोष नव्हे.