इन्शुरन्सबद्दल एकच ओळ?

हरिकेन (चक्रीवादळ) सीझनच्या तयारीच्या या लेखात पाणी, टॉर्च, प्लायवूड सगळं आलं पण विम्याबद्दल एकच ओळ, तीही शेवटी, हे काही पटलं नाही बुवा. आम्ही ह्यूस्टनला असतो, इकडे नवीन आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींना वाटतं घराचा विमा काढला म्हणजे झालं, अहो पण नेहमीच्या पॉलिसीत पुराचं पाणी धरतच नाहीत, फ्लड इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेतला असेल तर तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरल्यावर धावाधाव करून काडीचा उपयोग नाही, १ जूनला सीझन सुरू होतो, त्याच्या आत उरकून टाका.

आणि ते "कॅटेगरी १ च आहे ना", म्हणजे पाचांतली सगळ्यात खालची, म्हणत निवांत बसू नका. ती कॅटेगरी नुसत्या वाऱ्याच्या वेगावरून ठरते, पाऊस किती पडणार, समुद्र किती आत येणार ते त्यात नसतं. जुलै २०२४ चं बेरिल वादळ इथे कॅटेगरी १ च होतं तरी २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमच्या ओळखीतल्या एका ग्रोसरीवाल्याचे फ्रोझन पराठे, मटार, खवलेलं खोबरं, अख्खा फ्रीझर कचऱ्यात, आणि क्लेमला दाखवायला धड फोटोही नाहीत. दुकानवाल्यांनो, आत्ताच मोबाईलवर मालाचा व्हिडिओ काढून ठेवा, खालच्या रॅकवरच्या कणकेच्या पिशव्या वर चढवा.

जनरेटर गॅरेजात नको, दार उघडं ठेवलं तरी नको, घरापासून २० फूट लांबच. बाकी काचांवर टेपच्या फुल्या मारणारे अजून दिसतात, त्याने काच वाचत नाही, उलट मोठाले तुकडे उडतात.