धूर पांढरा दिसला की बोअरच का?

सोलापुरात जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर घेऊन कुठल्याही गॅरेजला जा. सात रस्ता म्हणा, कन्ना चौक म्हणा, विजापूर रोड म्हणा. स्टँडवर लावायच्या आधीच निकाल तयार: "मालक, पिस्टन गेलंय, बोअर करावं लागतंय." बोअर म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करायचा नि मोठं पिस्टन घालायचं. का, तर पांढरा धूर येतोय! अरे, प्लग तरी काढून बघा. गिअर ऑइलचा बोल्ट उघडून पातळी तरी बघा. प्लग ऑइलने ओलाचिंब आणि गिअर ऑइल उतरलेलं, म्हणजे क्लचकडचं क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीचं, ऑइल अडवणारं रबरी कडं) गेलं. इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतंय. पिस्टन सोन्याचं घातलं तरी धूर थांबायचा नाही.

पण ते सील बदलायला इंजिन उतरवून केस, म्हणजे त्याचं कवच, दोन भागांत उघडावी लागते, नि तेवढा घाम गाळायची तयारी नाही. हेड-सिलिंडर मात्र चार नट काढले की हातात. पाठवा बोअरिंगला, लावा बिल.

बरं, तो बोअर तरी नीट करा! स्टँडर्ड 57 मिमीचा सिलिंडर वर, मध्ये, खाली, आडवा-उभा मोजायचा असतो. इथं आत बोट फिरवून "झिजलंय" म्हणतात. ओव्हरसाइज पिस्टन आधी आणून त्याच्या मापाने बोअर करायचा, तर हे बोअर आधी करतात आणि पिस्टन मागनं शोधतात. बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या, वायू आत-बाहेर जायच्या भोकांच्या) धारदार कडा घासून बोथट करायच्या असतात, ते तर कुणाच्या गावीच नाही. रिंग पोर्टमध्ये अडकते, तुटते आणि नवाकोरा सिलिंडर ओरबाडून निघतो. मग म्हणायचं, "ऑइल कमी घातलं असणार तुम्ही." पेट्रोलच्या लिटरला 20 मिली ऑइल मोजून घालणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं!

क्लचचं बघा. आतल्या नटाला खाचा असतात, त्याला चार दात्यांचा स्पेशल पाना लागतो. फार मोठं हत्यार नाही ते. पण गॅरेजात छन्नी असते, हातोडी असते, पाना नसतो. खाचेत छन्नी ठेवून ठोकायचं. दोनदा तसं केलं की खाचा गोल, आणि तिसऱ्या वेळी कुणालाच तो नट सुटत नाही.

रेस आपोआप चढते, उतरत नाही? लगेच कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळायचा. चोक ओढल्यावर रेस खाली बसली तर कुठून तरी हवा शिरतेय, बहुतेक मॅग्नेटकडच्या, म्हणजे क्लचच्या उलट बाजूच्या, सीलमधून. एवढं तपासायला हत्यारसुद्धा लागत नाही. आणि हवा शिरत असताना मे महिन्यात अक्कलकोट रोडला गाडी दामटली, तर वाटेत इंजिन जाम होणारच.

सगळ्यात संताप येतो तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी भागात) तार घालताना बघून. पितळ मऊ असतं हो! तारेने भोक मोठं होतं, पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो, मग पुन्हा "पिस्टन गेलंय". जेट कार्ब क्लीनरने धुवायचा आणि हवा मारायची, बस. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. महिना-दोन महिने गाडी उभी राहिली की ते पाणी धरतं, टाकी आतून गंजते, जुना रबरी पाइप मऊ पडतो आणि कचरा जेटमध्ये. टाकी धुवा, कॉकची जाळी साफ करा, पाइप बदला. गाडी आडवी करून चार किका मारायला शिकवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

सुटे भाग मागावेत तर काउंटरवरचा पोरगा विचारतो, "चार्जिंगवाली का?" नवी चेतक बॅटरीवर चालते, त्याचा दोष नाही. पण ज्या गावात लूमचा आवाज बदलला की जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, न उघडता बिघाड सांगतो, तिथं एका सिलिंडरच्या स्कूटरला कान लावायला माणूस मिळू नये? "गाडी म्हातारी झाली, विकून टाका" हे सांगायला कुणी विचारलेलं नाही. गिअर ऑइलचा तो एक बोल्ट आधी उघडा, मग पिस्टनचं नाव काढा.