ड्रॅक्युला ट्रान्सिल्व्हेनियाचा राजा नव्हताच

पंधराव्या शतकातला व्लाद ऊर्फ ड्रॅक्युला हा ट्रान्सिल्व्हेनियाचा (आजच्या रोमानियातल्या एका प्रांताचा) राजा, ब्रानचा किल्ला त्याची राजधानी, आणि तिथे तुर्कांना त्याने एकट्याने थोपवलं, असा एक मजकूर व्हॉट्सअॅपवर हौसेने फिरवला जातो. तिन्ही विधानं चूक आहेत.

आधी राजेपद. व्लादने तीनदा गादी मिळवली ती वालाखियाची, कार्पेथियन डोंगरांच्या दक्षिणेला. उत्तरेचा ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीच्या राजाचा होता. तिथे राजा आपल्या एखाद्या बड्या सरदाराला व्होइव्होड नेमायचा. हे पद म्हणजे सुभेदारी, वतन नव्हे. मर्जी फिरली की गेलं. शिवाय या सुभेदाराचा हुकूम सगळीकडे चालतच नसे. जर्मनभाषक सॅक्सन वसाहतींकडे आपला कारभार आपण पाहण्याची १२२४ ची राजाची सनद होती, आणि सीमेवरच्या सेकेय लोकांवर बराच काळ वेगळा अंमलदार असे.

तरी माणूस जबर असला की राजालाही घाम फुटे. लास्लो कान या व्होइव्होडने १३०७ मध्ये गादीचा दावेदार ओटो याला कैद केलं आणि हंगेरीचा पवित्र मुकुटच दाबून ठेवला. दुसरा दावेदार चार्ल्स रॉबर्ट याला दोनदा अभिषेक झाला होता, पण तो मुकुट डोक्यावर आल्याशिवाय लोक मानेनात. शेवटी पोपच्या दूताने कानला बहिष्कृत केलं, तेव्हा कुठे १३१० मध्ये मुकुट सुटला. ड्रॅक्युलापेक्षा कादंबरी याच्यावर व्हायला हवी होती!

गोंधळाला थोडा आधार आहे. व्लादचा जन्म बहुधा ट्रान्सिल्व्हेनियातल्या सिघिशोआराचा, आणि त्याच्या पूर्वजांना हंगेरीच्या राजांकडून तिथे फागाराश, अम्लाश ही जहागीर मिळाली होती. पण जहागीर म्हणजे राज्य नव्हे. व्लादने सॅक्सनांची गावं जाळली, आणि १४६२ मध्ये त्याला कैदेत टाकलं ते हंगेरीचा राजा मात्याश यानेच.

ब्रानचा किल्ला १३७७ च्या राजाज्ञेने ब्राशोवच्या सॅक्सनांनी स्वखर्चाने बांधला. व्लादची राजधानी तिथे कधीच नव्हती. तिकिटं मात्र त्याच्याच नावावर खपतात.

राहिले तुर्क. १४६२ चा सुलतानाच्या छावणीवरचा व्लादचा रात्रीचा छापा धाडसी होता, यात वाद नाही. पण ट्रान्सिल्व्हेनिया राखला तो व्होइव्होडांनी. १४४२ मध्ये व्होइव्होड यानोश हुन्यादी आधी हरला, मग काही दिवसांतच त्याने ऑटोमन (तुर्क) सरदार मेझिद बेचा पाडाव केला. १३ ऑक्टोबर १४७९ ला ट्रान्सिल्व्हेनियातल्या केन्येरमेझोच्या मैदानावर तुर्कांपुढे व्होइव्होड इश्त्वान बाथोरी जखमी होऊनही टिकला आणि हंगेरीचा सेनानी पाल किनिझी ऐन वेळी मदतीला धावला. विजयानंतर किनिझी एका तुर्काचं प्रेत दातांत धरून नाचला म्हणतात. ही गोष्ट ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर मानावी. व्लादला १४७६ मध्ये वालाखियाची गादी परत मिळाली तीही याच बाथोरीच्या फौजेच्या बळावर. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मारला गेला. केन्येरमेझोच्या वेळी तो जिवंतही नव्हता.