ट्रेलरला मोटर लावली म्हणून वाळू वाट देत नाही

ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ऑफरोड कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे जोडून कच्च्या वाटेवर न्यायच्या, मुक्कामाच्या ट्रेलरच्या चाकांत विजेच्या मोटरी बसवा, मग गाडी आणि ट्रेलर मिळून सहा चाकांवर चालतात आणि कुठेच रुतत नाहीत. ट्रेलर स्वतःच चालतो, म्हणून ओढायला घरची साधी टू-व्हील ड्राइव्ह पुरते. बॅटरी छतावरच्या सोलरवर फुकट भरते. उतारावर मोटरच ब्रेकचं काम करते, वेगळे ब्रेक नकोत. आणि पुरावा म्हणून शेवटी: युरोपात अशा ट्रेलरने आल्प्स पार केलाय.

ब्रिस्बेनमधल्या एका तरुण जोडप्याने हा मेसेज मला पाठवून विचारलं, "काका, या मोटरींच्या किटचं बुकिंग करू का?" घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि जायचंय क'गारीला, म्हणजे 2023 पर्यंत ज्याला फ्रेझर आयलंड म्हणायचे त्या वाळूच्या बेटावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहा चाकांच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. अडीच टनांची गाडी दोन टनांचा ट्रेलर ओढते तेव्हा पकड मिळते ती जवळजवळ गाडीच्याच वजनाची. ट्रेलरचे दोन टन म्हणजे नुसतं लोढणं. त्याची चाकं फिरवली की ते वजनही पकडीच्या कामी येतं. सरळ, ओल्या चढावर हा फरक जाणवेल.

पण ट्रेलर मागून रेटायला लागला की तो रेटा जातो कुठे? गाडी आणि ट्रेलर एका रेषेत असतील तर पुढे. वळणावर गाडी ट्रेलरशी 30 अंशांचा कोन करून उभी असेल, तर रेट्याचा निम्मा भाग आडवा जातो. ट्रेलरने 300 किलोंचा रेटा दिला तर 150 किलो गाडीच्या मागच्या टोकाला बाजूला ढकलतात, कारण टो बॉल, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गोळा, मागच्या चाकांच्याही मागे असतो. त्यात जमीन एका अंगाला कललेली असेल आणि ट्रेलर वरच्या बाजूला असेल, तर गाडी कलंडू शकते. बैलगाडीच्या काळातली माणसं हे एका वाक्यात सांगत: गाडी बैलांच्या अंगावर येते.

हे माझ्या मनचं नाही. ब्रिटिश सैन्यासाठी लँड रोव्हरने 1970 च्या दशकात '101 फॉरवर्ड कंट्रोल' नावाची गाडी बनवली. साडेतीन लिटरचं व्ही-एट इंजिन, काम तोफ ओढण्याचं आणि पाठीवर एक टन दारूगोळा-सामान वाहण्याचं. तिच्याबरोबर असा ट्रेलर आखला होता की गाडीच्या इंजिनाची ताकद शाफ्टने त्याच्या चाकांपर्यंत जावी. ते बेत सोडून द्यावे लागले, कारण खडबडीत जमिनीवर ट्रेलर गाडीला एका कुशीवर ढकलायचा. सैन्याकडे इंजिनिअर होते, पैसा होता, चाचणीला हवी तेवढी जमीन होती. तरीही सोडले.

चाकाचाकात मोटर घालून ज्यांनी हे जमवलं, त्यांचंही बघा. अमेरिकेत लटूर्नो कंपनीने सैन्यासाठी 'ओव्हरलँड ट्रेन' बांधली आणि 1962 मध्ये ॲरिझोनातल्या युमाच्या वाळवंटात तिची चाचणी झाली. लांबी 170 मीटरच्या वर, चाकं 54, प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर. ती चालली. पण मागचा प्रत्येक डबा पुढच्याच चाकोरीतून वळावा अशी स्टिअरिंगची सोय तिच्यात मुळापासून होती. बाजारातल्या किटमध्ये दोन मोटरी, एक कंट्रोलर आणि वायरी येतात. स्टिअरिंग येत नाही.

आता रुतण्याबद्दल. क'गारीची बार्ज, म्हणजे गाड्या नेणारी सपाट बोट, पकडायला इन्स्किप पॉइंटवर जी सैल वाळू ओलांडावी लागते, तिथे मी स्वतः रुतलोय. गाडीच्या चारही चाकांची हवा मी 18 पीएसआयवर आणली होती. ट्रेलरकडे लक्षच गेलं नाही, त्यात 38 होती. बार्ज समोर दिसत होती आणि गाडी जागची हलेना. उतरून मागे गेलो. ट्रेलरची चाकं फिरलीच नव्हती, नांगरासारखी वाळू पुढे लोटत आली होती आणि दोन्ही चाकांपुढे गुडघ्याच्या खाली येईल एवढा ढीग साचला होता. त्या जागी चाकांत मोटर असती तर काय झालं असतं? चाक जागच्या जागी फिरलं असतं आणि फिरणारं चाक वाळूत आपला खड्डा आपणच खणतं. ॲक्सल टेकेपर्यंत खणत राहतं. आम्ही फावड्याने ढीग काढला, ट्रेलरची हवा 16 वर आणली, गाडीच्या चाकांखाली दोन रिकव्हरी ट्रॅक, म्हणजे पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, सारल्या आणि सुटलो. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं, चाक वाळूत घुसण्याऐवजी वर राहतं. खर्च म्हणजे एक गेज आणि परत हवा भरायला कंप्रेसर.

बॅटरीचा हिशेब कागदावर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. सैल वाळूत ट्रेलर ओढायला त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं बळ लागतं असं धरू. दोन टनांना 400 किलो. एवढ्या बळाने एक किलोमीटर जायला साधारण एक युनिट वीज लागते. त्याच ट्रेलरला डांबरी रस्त्यावर, वारा सोडला तर, किलोमीटरला युनिटचा दहावा भागही लागत नाही. म्हणजे 20 युनिटची बॅटरी घेतली तर ट्रेलर स्वतःच्या ताकदीवर सैल वाळूत फार तर पंधरा-सोळा किलोमीटर जाईल. सिम्प्सन वाळवंटात वाळूच्या अकराशेहून जास्त टेकड्या एकामागे एक आहेत.

सोलर? छतावर 600 वॉटचे पॅनल आणि दिवसात पाच तास कडक ऊन म्हणजे तीन युनिट. त्यातलं अर्धा-पाऊण युनिट फ्रिज घेतो. उरलेल्यात दोन किलोमीटर वाळू. दिवसभर उन्हात उभं राहून!

वजनाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि त्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी सव्वा युनिटची असते आणि 11-12 किलो भरते. त्या मापाने 20 युनिट म्हणजे पावणेदोनशे किलोंच्या पुढे. मोटरी, कंट्रोलर, जाड वायरी, पेटी धरून अडीचशेच्या आसपास जाईल. रिकामा ट्रेलर 1400 किलो आणि परवानगी 2000 ची असेल, तर सामानाला मिळतात 600. शंभर लिटर पाणी, गॅस, तंबू, फ्रिज, मुलीची सायकल हे सगळं मग साडेतीनशेत बसवायचं. आणि जागा पुढे नाही म्हणून बॅटरी मागे टाकली की ट्रेलर उलाळ होतो, टो बॉलवरचा भार हलका पडतो आणि हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. इथे सर्वसाधारणपणे ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा बॉलवर ठेवतात, तो याचसाठी.

छोट्या गाडीचं उत्तर थोडक्यात देतो. गाडीची टोइंग क्षमता किलोंमध्ये लिहिलेली असते. ट्रेलर स्वतः जोर लावतो म्हणून त्याचं वजन कमी होत नाही. 1200 किलो ओढायची परवानगी असलेल्या गाडीला दोन टनांचा ट्रेलर जोडला, तर मोटर असो वा नसो, ते बेकायदेशीरच. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघेल.

ब्रेकचंही तसंच. ट्रेलरच्या चाकांवर 750 किलोंच्या वर भार गेला की ऑस्ट्रेलियात ब्रेक लागतातच. 2000 च्या वर गेला तर सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप लागून किमान 15 मिनिटं धरून ठेवणारी यंत्रणा हवी. मोटर उतारावर वीज परत घेते हे खरं, पण बॅटरीत जागा असेल तरच. डोंगरावरच्या कॅम्पवर पूर्ण चार्ज करून सकाळी उतरायला लागलात, तर नेमका तेव्हाच तो ब्रेक नसतो.

राहिला आल्प्स. ती गोष्ट खरी आहे. 2021 मध्ये जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीचा 'ई-होम कोको' हा कॅराव्हॅन ऑडी ई-ट्रॉनच्या मागे आल्प्स ओलांडून इटलीतल्या गार्डा सरोवरापर्यंत गेला. बॅटरी 80 युनिटची, आपल्या हिशेबाच्या चौपट. सगळा रस्ता डांबरी. अशी यंत्रणा चालायची तर जोडणीवर किती ओढ आहे हे कंट्रोलरला सतत कळावं लागतं, म्हणजे ट्रेलर ओढ हलकी करतो पण कधी अंगावर येत नाही. गुळगुळीत रस्त्यावर ते जमतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कच्च्या गिब रिव्हर रोडच्या 660 किलोमीटरांत पन्हळी पत्र्यासारखे लांबच लांब पट्टे आहेत. तिथे जोडणी सेकंदात कितीदा आपटते ते खिडकीची काच उघडून ऐकलंत तरी कळेल. वायरी, कनेक्टर, बेअरिंग सगळं तिथे सैल होतं. शिवाय तापलेला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, नदीच्या थंड पाण्यात गेला की सीलमधून पाणी आत ओढतो. साध्या बेअरिंगची ही गत, तर चाकातल्या मोटरीची काय होईल?

एका कामासाठी मात्र मी मोटरला हो म्हणेन. युरोपात वर्षानुवर्षं 'मूव्हर' वापरतात. टायरला दाबून बसणारे छोटे रोलर, 12 व्होल्टची बॅटरी, हातात रिमोट. गाडी सोडवून ठेवायची आणि ट्रेलर गोगलगायीच्या गतीने हवा तिथे सरकवायचा. अरुंद ड्राइव्हवेत एकट्या माणसाला याचा फार आधार होतो. फक्त जमीन टणक हवी, आणि ट्रेलर ऑफरोड असेल तर जाड खाचांच्या टायरवर रोलर नीट बसतो का ते आधी लावून बघायचं.

त्या दोघांना मी किटऐवजी वे-ब्रिजवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, पाठवलं. ट्रेलर भरलेला, पाण्याची टाकी भरलेली, तसाच. काटा 1940 वर थांबला. म्हणजे 2000 च्या परवानगीत उरले होते 60 किलो, आणि किटला लागणारी नुसती बॅटरीच त्याच्या तिप्पट आहे.